कोयनेकाठच्या वाटा

महाबळेश्वराच्या पठारावर ज्या पाच नद्यांचा उगम मानला जातो, त्यांपैकी कृष्णा आणि वेण्णा पूर्वेची वाट धरतात, सावित्री पश्चिमेचा कडा उतरून कोकणात जाते. कोयना मात्र सह्याद्रीच्या मुख्य धारेला पूर्वेकडून बिलगून सुमारे पासष्ट किलोमीटर दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकपाशी काटकोनात वळून कऱ्हाडास कृष्णेला मिळते. देशावरच्या बहुतेक नद्या सह्याद्रीकडे पाठ फिरवूनच निघतात. ही एक नदी एवढा दीर्घ प्रवास पर्वताच्या कुशीतून करते, आणि या एका भौगोलिक योगायोगातून तिच्या खोऱ्यातील राज्ये, लढाया, व्यापार आणि अखेरीस तेथे उभे राहिलेले धरणही उद्भवले आहे. आज त्या खोऱ्याचा तळ शिवसागर जलाशयाखाली आहे, आणि जलाशयाभोवतीच्या अरण्यातून वासोट्याकडे, नागेश्वराच्या गुहेकडे किंवा जंगली जयगडाकडे जाणाऱ्या पायवाटा दुर्गप्रेमींच्या आवडीच्या झाल्या आहेत. परंतु या वाटा मौजेने चालणाऱ्यांनी पाडलेल्या नाहीत. एका जुन्या, विस्तीर्ण आणि सुसंगत मार्गव्यवस्थेचे ते तुटून उरलेले अवयव होत. त्या व्यवस्थेचा कणाच पाण्यात गेल्यामुळे उरलेल्या वाटा कोठून येत होत्या आणि कोठे जात होत्या, हे आज त्यांवरून चालणाऱ्यालाही उमगत नाही.

खोऱ्याची रचना मुळात साधी आहे. पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य धार, जिच्या पलीकडे हजार-दोन हजार फुटांचे कडे तुटून खाली खेड-चिपळूणचे कोकण पसरलेले. पूर्वेस बामणोलीपासून घेरा दातेगडापर्यंत गेलेली दुय्यम रांग, जिच्या पलीकडे सातारा आणि पाटण. आणि मध्ये नदी. उत्तरेकडून सोळशी आणि कांदाटी या तिच्या उपनद्या तापोळा-बामणोलीच्या परिसरात तिला येऊन मिळतात. अशा मुलुखात रहदारीला दोनच दिशा संभवतात: एक, नदीच्या काठाकाठाने उत्तर-दक्षिण, दुसरी, दोन्ही रांगांच्या खिंडी ओलांडून पूर्व-पश्चिम. पिंपळाच्या पानाला जशी मधली जाड शीर असते आणि तिच्या दोन्ही अंगांना बारीक शिरा फुटलेल्या असतात, त्याच धर्तीवर येथे नदीकाठची वाट ही मुख्य आणि तिला दोन्हीकडून येऊन मिळणाऱ्या घाटवाटा या उपांगभूत होत्या. काठावरच्या वाटेवर गावे होती, भातखाचरे होती, देवळे होती, उतारांच्या जागा होत्या. घाटवाटांवर खिंडी, पाणवठे, चौक्या आणि किल्ले होते.

या घाटवाटांवरून काय जात असे, हे कोकण आणि देश यांच्या परस्पर गरजा पाहिल्या म्हणजे ध्यानात येते. कोकणातून मीठ, सुकी मासळी, नारळ आणि सुपारी वर चढे. देशावरून धान्य, गूळ, मिरची, तेल आणि तूप खाली उतरे. वाशिष्ठीच्या खाडीवरचे चिपळूणजवळचे गोवळकोटचे बंदर आणि कृष्णाकाठची कऱ्हाडची पेठ यांना जोडणारा कुंभार्लीचा घाट हा या दळणवळणाचा मोठा दरवाजा होता, आणि हेळवाक हे त्याच्या माथ्यावरचे विसाव्याचे ठिकाण. कऱ्हाडजवळ आगाशिवाच्या डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी त्या नगरीचे प्राचीनत्व आणि तेथील व्यापारी वर्गाची सुबत्ता सांगतात. समुद्राशी संबंध असल्यावाचून अशी सुबत्ता दीर्घकाळ टिकत नाही. लमाणांचे बैलांचे तांडे मोठ्या घाटांनी जात. लहान घाटवाटा मात्र डोईवरच्या पाटीच्या आणि खांद्यावरच्या कावडीच्या होत्या. जकातीचे ठाणे मोठ्या घाटाच्या तोंडाशी बसे, म्हणून ज्याला जकात चुकवायची असे तो आडवाट धरी. आणि ज्याला आडवाटेवरही सत्ता गाजवायची असे त्याला त्या वाटेच्या डोक्यावर गड बांधावा लागे. या रांगांवरील किल्ल्यांची माळ अशा वाटांच्या माथ्यांवरच बसलेली आढळते, ती त्यामुळेच.

या मार्गव्यवस्थेचे राजकीय मोल ज्यांनी पुरतेपणी ओळखले होते ते जावळीचे मोरे. आदिलशाहीच्या छत्राखाली राहून, चंद्रराव हा किताब मिरवीत, या घराण्याने अनेक पिढ्या जावळीच्या अरण्यात जवळजवळ स्वतंत्र अंमल चालविला. त्यांचे सामर्थ्य फौजफाट्यात फारसे नव्हते. घाटवाटांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला होत्या, यात ते होते. पार घाट, हातलोट घाट आणि त्यांच्या आसपासच्या लहानमोठ्या उतरणी ज्याच्या ताब्यात, त्याच्या अनुज्ञेवाचून वाईकडील माणसाला महाडकडे जाता येत नसे. शिवाजी महाराजांना पुण्याच्या मावळांतून दक्षिणेकडे आणि कोकणात राज्य वाढवायचे तर हा अडसर काढणे अपरिहार्य होते. १६५६ च्या जानेवारीत जावळी त्यांनी हस्तगत केली, आणि पाठोपाठ पार घाटावर दृष्टी ठेवणाऱ्या भोरप्याच्या डोंगरावर मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली प्रतापगडाचे बांधकाम सुरू झाले. मोऱ्यांनी वाटा अरण्याच्या भरवशावर राखल्या होत्या. महाराजांनी त्या तटबंदीच्या भरवशावर राखल्या, एवढाच या दोन पद्धतींतील फरक, पण राज्य आणि वतन यांतील अंतर दाखविण्यास तो पुरेसा आहे.

तीन वर्षांनी या निर्णयाचे फळ दिसले. वाईस तळ देऊन बसलेला अफझलखान १६५९ च्या नोव्हेंबरात रडतोंडीच्या घाटाने पारच्या खोऱ्यात उतरला, आणि त्याची फौज कोयनेच्या काठी, चहूकडून डोंगर आणि झाडीने वेढलेल्या जागी, विसावली. १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडले ते सर्वश्रुत आहे. आपल्या विषयाशी संबंध आहे तो त्यानंतर जे घडले त्याचा. खानाची फौज मोडली, वाटा अडविल्या गेल्या, हजारो माणसे जाळीत सापडली. तरीही खानाचा पुत्र फाजल निसटला. ग्रँट डफने आपल्या बखरीत नोंदविले आहे की, मराठ्यांच्याच पक्षातील एका सरदाराने मोठी लाच घेऊन त्याला आणि त्याच्या सोबत्यांना डोंगरातील अनवट वाटांनी, कोयनेच्या काठाकाठाने, सुखरूप कऱ्हाडला पोहोचविले. लाच घेणारास पुढे त्याचे प्रायश्चित्त मिळाले, तो भाग निराळा. पण या एका वाक्यात नदीकाठच्या त्या मुख्य वाटेचा पुरावा आहे: जावळीपासून कऱ्हाडपर्यंत, कोणतेही मोठे ठाणे न लागता, अरण्याच्या आडोशाने सबंध खोरे उतरून जाता येईल असा मार्ग तेथे होता, तो थोड्यांनाच ठाऊक होता, आणि ज्याला ठाऊक होता त्याच्या माहितीला सरदारपुत्राच्या जिवाएवढी किंमत येत होती. आज त्या मार्गाचा बराच मोठा भाग जलाशयाच्या तळाशी आहे. वरच्या अंगाला, जेथे पाण्याचा फुगवटा पोहोचत नाही, तेथे पार गावाजवळचा शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल अद्याप उभा आहे.

खोऱ्याच्या मध्यावर, मुख्य धारेच्या ऐन काठाशी, वासोट्याचा किल्ला आहे. पन्हाळ्याच्या शिलाहार भोजाकडे त्याचे कर्तृत्व परंपरेने दिले जाते. पश्चिमेस कोकणात तुटलेला कडा, पूर्वेस कोयनेपर्यंत उतरणारे निबिड रान, जवळच जुना वासोटा या नावाचे एक उंच शिखर, आणि थोड्या अंतरावर नागेश्वराचा सुळका: अशा जागी असलेल्या गडाचा उपयोग लढाईपेक्षा कोंडण्यासाठी अधिक होणार हे उघड आहे. गडांच्या बाबतीत रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात जो विचार मांडला आहे त्याचे सार असे की, गडाचे मार्ग सुगम असू नयेत. असतील तर ते मोडून, झाडी वाढवून, दुर्गम करावेत, आणि एकाच दरवाज्यावर विसंबू नये. वासोट्याने ही शिकवण निसर्गतःच आत्मसात केली होती. गडाच्या पायथ्याशी मेट असे, तेथे घेऱ्यातील पहारेकऱ्यांची वस्ती असे. वर जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्या दृष्टीखालून जाई. मेट इंदवली या गावाच्या नावात त्या व्यवस्थेची स्मृती अजून शिल्लक आहे.

पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफा आणि दारूगोळा पुरवून, वर आपले निशाण फडकावून गडावर मारा करणाऱ्या राजापूरच्या इंग्रजांना महाराजांनी १६६१ मध्ये पकडले, त्या वेळी त्या कैद्यांना ठेवण्यासाठी प्रथम वासोट्याचीच निवड झाली. समुद्रकाठी वखारीत बसून हिशेब लिहिणाऱ्या त्या माणसांना या रानातून वर नेले, तेव्हा पळून जाण्याचा विचार त्यांच्या मनात येण्याचे फारसे कारण उरले नसावे. कारण येथे भिंतीपेक्षा वाट अधिक मोठा तुरुंग होती. पुढे सुमारे दीडशे वर्षांनी औंधच्या पंतप्रतिनिधींच्या भानगडीत या गडाने निराळेच दृश्य पाहिले. परशुरामपंत प्रतिनिधींना मसुरास अटकेत ठेवले असता त्यांच्या पक्षाची ताई तेलीण हिने वासोट्याचा आश्रय घेऊन त्यांना सोडविले, आणि पेशव्यांचे सेनापती बापू गोखले चालून आले तेव्हा तिने महिनोन्महिने गड झुंजविला. बापू गोखल्यांसारख्या सेनानीला एका स्त्रीने एवढा काळ ताटकळत ठेवले, यात तिच्या धैर्याइतकाच या वाटांच्या दुर्गमतेचाही वाटा आहे.

शेवटचा प्रसंग १८१८ चा. दुसऱ्या बाजीरावाने सातारच्या छत्रपतींच्या कुटुंबातील मंडळी आणि हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी वासोट्यावर कैदेत ठेवले होते. फेब्रुवारीत सातारा पडला, आष्टीच्या लढाईत बापू गोखले कामी आले, छत्रपती इंग्रजांच्या हाती आले. तरी वासोट्याचा किल्लेदार गड सोडीना. तेव्हा जनरल प्रिट्झलरची फौज एप्रिलच्या आरंभी खोऱ्यात उतरली. त्या मोहिमेत लढाई थोडी आणि वाटचाल फार होती. अवजड तोफा इंदवलीपर्यंत आणि तेथून जुन्या वासोट्याच्या उंचीवर चढविणे हेच खरे कष्टाचे काम होते. एकदा ते साधल्यावर गड फार दिवस तगला नाही. आज्ञापत्रातील तत्त्वाची उलटी बाजू त्या दिवशी सिद्ध झाली: वाट दुर्गम असेपर्यंत गड अजिंक्य, आणि ज्याच्यापाशी वाट करून घेण्याइतके मनुष्यबळ, पैसा आणि वेळ आहे त्याच्यापुढे कोणताही गड केवळ एक उंच जागा. मराठी राज्यातील घाटवाटांचे लष्करी पर्व येथे संपले.

पुढील शतकभरात या वाटांचा दर्जा हळूहळू उतरत गेला. इंग्रजी अमलाने काही थोडे घाट निवडले आणि त्यांवर गाडीरस्ते बांधले. कुंभार्ली आणि आंबेनळी हे असे भाग्यवान घाट. महाबळेश्वर १८२९ च्या सुमारास हवा खाण्याचे ठिकाण म्हणून वसू लागले, आणि साहेबलोकांच्या सोयीसाठी त्या पठारावर पॉइंटांपर्यंतचे रस्ते झाले. सह्याद्रीत केवळ दृश्य पाहण्याकरिता म्हणून केलेल्या आरंभीच्या वाटांत त्यांची गणना करावी लागेल. ज्या घाटांना चाकाचे नशीब लाभले नाही ते सातारा जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरात एकेका ओळीचे धनी होऊन राहिले. त्याच काळात १८७८ च्या जंगल कायद्याने रान सरकारजमा झाले. डोंगरउतारावर झाडी तोडून, जाळून, दोन-तीन वर्षे नाचणी-वरी पिकवायची आणि मग जागा बदलायची, ही कुमरीची रीत आकुंचित झाली; राबासाठी टहाळ तोडणे, हिरडा गोळा करणे, गुरे चारणे या सर्वांना हद्दी आणि परवाने आले. परंतु माणसे होती तेथेच राहिली. नदीकाठी कुणबी, माथ्यावरच्या सड्यांवर गवळी-धनगर, अशी वस्ती होती, आणि त्यांची नित्याची कामे वाटा जिवंत ठेवीत होती.

लोणी-तूप घेऊन धनगर खाली बाजाराला उतरत. कोकणातील सोयरिकी असलेली कुटुंबे लग्नकार्यासाठी घाट चढत-उतरत. महाशिवरात्रीला नागेश्वराच्या गुहेतील पिंडीच्या दर्शनास कोकणातून चोरवण्याच्या बाजूने आणि देशावरून वासोट्याच्या बाजूने यात्रेकरू येत, आणि वर्षातून निदान एकदा दोन्ही अंगांची वाट साफ होई. गिरणगाव वाढले तसे पोटासाठी मुंबईस जाणाऱ्यांची भर पडली. जावळी आणि पाटण तालुक्यांतील घराघरांतून पुरुष मुंबईच्या गोदीत, बाजारात आणि गिरण्यांत कामाला जाऊ लागले. इतिहासाच्या पुस्तकांत लढायांच्या वाटा नोंदल्या जातात. पण वाटेला टिकवून धरतात ती अशी अप्रसिद्ध पावले. वर्षातून एकदा फौज गेली म्हणून वाट राहत नाही. रोज कोणीतरी पाणी आणायला, गुरे वळायला, माहेरी जायला निघते, म्हणून ती राहते. आणि दोन पावसाळे कोणी गेले नाही तर कारवी आणि वेली तिला अशा गिळतात की तेथे वाट होती असे शपथेवर सांगावे लागते.

कोयनेच्या पाण्याचा विजेसाठी उपयोग करण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच टाटांच्या उद्योगसमूहाने तपासून पाहिली होती. तिचा मूलाधार होता तो खोऱ्याच्या त्याच विलक्षण रचनेत: नदी सह्याद्रीच्या माथ्यालगत वाहते, आणि कडा ओलांडला की कोकण शेकडो मीटर खाली आहे. पाणी अडवून, डोंगरातून बोगदा पाडून ते पश्चिमेस सोडले, तर पडणाऱ्या पाण्याचा जोर वीज देईल. स्वातंत्र्यानंतर शासनाने ही योजना हाती घेतली. हेळवाकच्या वरच्या अंगाला सुमारे १०३ मीटर उंचीचे आणि आठशे मीटरांहून अधिक लांबीचे धरण उभे राहिले, १९६१ पासून पाणी साठू लागले, आणि १९६२ मध्ये पोफळीच्या वीजगृहातून वीजनिर्मितीस आरंभ झाला. पुढील टप्प्यांसह प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉटपर्यंत पोहोचली. जलाशयाच्या तळाशी बोगदा भिडवून पाणी घेण्याचा लेक टॅपिंगचा प्रयोग येथे १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये यशस्वी झाला. महाराष्ट्राच्या कारखान्यांना आणि घराघरांना या खोऱ्याने जे दिले त्याची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. यात एक ऐतिहासिक चमत्कृतीही आहे. ज्या दिशेने शतकानुशतके देशावरचे धान्य कुंभार्ली उतरून वाशिष्ठीच्या खाडीकडे गेले, त्याच दिशेने आता कोयनेचे पाणी सह्याद्री भेदून उतरते आणि वाशिष्ठीलाच मिळते.

परंतु धरणाच्या भिंतीमागे पन्नास किलोमीटरांहून अधिक लांबीचे जे पाणी पसरले, त्याने नदीकाठची गावे, भातखाचरे आणि देवळे यांच्याबरोबर तो मधला हमरस्ता बहुतांशी बुडविला. खोऱ्यातील कुटुंबे सांगली, सोलापूर, रत्नागिरी, कुलाबा, ठाणे अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत विखुरली गेली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला. कोयनेची माणसे त्याच्या कितीतरी आधी उठली होती, आणि त्यामुळे जे मिळाले ते हक्काने कमी आणि मेहेरबानीने अधिक मिळाले. पुष्कळांनी दूर जाण्याऐवजी पाण्याची रेघ टाळून तेवढेच वर सरकणे पसंत केले, आणि उतारावर नव्या वाड्या वसविल्या. तोच आघात पुरेसा नव्हता म्हणून की काय, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. कोयनानगर आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली, सुमारे दोनशे माणसे दगावली. जलाशयाच्या भाराने उद्भवणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात कोयनेचे नाव तेव्हापासून जगभर घेतले जाते.

वाटांच्या दृष्टीने पाहिले तर या काळात खोऱ्याचा भूगोल उलटापालटा झाला. पूर्वी नदीचा काठ ही चालण्याची सर्वांत सोपी जागा होती आणि डोंगर ओलांडणे कष्टाचे होते. आता मध्ये अथांग पाणी आले, आणि समोरासमोरची दोन गावे, जी पूर्वी उन्हाळ्यात नदी ओलांडून एकमेकांकडे सहज जात, ती लाँचवाचून एकमेकांना दुरावली. तापोळा आणि बामणोली ही ठिकाणे लाँचचे धक्के झाल्यामुळे महत्त्वाला चढली. शाळा, दवाखाना, बाजार, टपाल या सर्वांचा मार्ग पाण्यावरून सुरू झाला. पश्चिम तीरावरच्या घाटवाटा मात्र एका टोकाने तुटल्या. कोकणातून चढून आलेली वाट जेथे नदीकाठच्या रस्त्याला मिळायची तेथे आता पाणी होते, म्हणून तिला जाण्यासारखे ठिकाणच उरले नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस जलाशय ओसरतो, तेव्हा जुन्या घरांची जोती, बांध आणि देवळांचे अवशेष काही ठिकाणी उघडे पडतात.

दुसरे स्थित्यंतर अरण्याच्या संरक्षणाने घडविले. १९८५ मध्ये ४२३ चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्राचे कोयना अभयारण्य जाहीर झाले. पुढे चांदोली राष्ट्रीय उद्यानासह त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारशाच्या स्थळांत कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी यांचा समावेश झाला. धरणाच्या वेळी वर सरकलेल्या वस्त्यांपैकी काहींना, ज्यांत मेट इंदवलीही आहे, अभयारण्यासाठी पुन्हा उठावे लागले. एका पिढीने पाण्यासाठी घर सोडले आणि तिच्या मुलांनी वाघासाठी, असा हा हिशेब आहे. रानाने मात्र या मोकळिकीचा पुरेपूर लाभ घेतला. गवा, अस्वल, बिबट्या, सांबर आणि शेकरू यांना थारा मिळाला. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांची झाडी जुन्या शेतांवरही दाटली. रान वाचले ही गोष्ट चांगलीच झाली. इतके सलग आणि दाट अरण्य सह्याद्रीच्या धारेवर आता मोजक्याच ठिकाणी उरले आहे.

याच काळात वाटांवर नव्या प्रकारचा पांथस्थ आला. गोपाळ नीळकंठ दांडेकरांसारख्या लेखकांनी गडकोट पायी हिंडण्याची गोडी मराठी मध्यमवर्गास लावली. पाठीवर पडशी घेऊन रात्रीच्या एस्टीने निघणारे तरुण वासोट्यास येऊ लागले. आनंद पाळंदे यांच्या 'डोंगरयात्रा'सारख्या मार्गदर्शक पुस्तकांनी घाटवाटांची माहिती एकत्र केली. आज वासोट्यास जायचे तर बामणोलीस वन खात्याचा परवाना काढावा लागतो, बोटीने मेट इंदवलीच्या काठास उतरावे लागते, तेथील चौकीवर माणसांचीच नव्हे तर प्लॅस्टिकच्या पिशव्या-बाटल्यांचीही मोजदाद करून घ्यावी लागते, आणि मुक्काम न करता दिवस मावळण्यापूर्वी परतावे लागते. पावसाळ्यात हा मार्ग बंदच असतो. शिस्त कडक आहे आणि ती योग्य आहे. ज्या मेटावर पूर्वी गडकऱ्याचे पहारेकरी येणाऱ्याची झडती घेत, तेथेच आज वनरक्षक ती घेतो; वाटेवर सत्ता कोणाची हे सांगणारी चौकी त्याच जागी राहिली, सरकार तेवढे बदलले.

तथापि या नव्या पांथस्थाची वाट आणि जुन्या पांथस्थाची वाट यांत मूलभूत अंतर आहे. जुनी वाट एका गावाहून दुसऱ्या गावी जात होती. वासोटा तिच्या कडेला होता. आजची वाट बोटीच्या धक्क्यापासून निघते, गडावर पोहोचते आणि आल्या पावली परतते. झाडीतील तिचा मारुती, ओढ्याकाठचा गणपती, वरच्या वाड्याची जोती, चुन्याची घाणी हे सर्व आपण पाहतो. परंतु ज्या रहदारीसाठी हा पहारा बसविला होता ती रहदारी आपल्या कल्पनेत येत नाही, आणि मग गड हा केवळ एक सुंदर, निरर्थक उंचवटा भासू लागतो. महाशिवरात्रीला चोरवण्याहून नागेश्वरास चढणारे यात्रेकरू या बाबतीत अधिक इतिहासज्ञ म्हटले पाहिजेत, कारण ते अजूनही घाटवाट घाटवाट म्हणूनच चालतात.

सर्व वाटा पुन्हा मोकळ्या कराव्यात असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. अरण्याला शांतता हवी, आणि ती देताना काही वाटा रानात विरून जाणार, हे मान्य केले पाहिजे. पण वाट विरणे आणि वाटेची माहिती विरणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिलीने रानाचे भले होते, दुसरीने कोणाचेच नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या धरणापूर्वीच्या नकाशांवर या खोऱ्यातील पायवाटा तुटक रेघांनी दाखविलेल्या आहेत, जुन्या गॅझेटियरात घाटांची यादी आहे, इनाम-वतनांच्या कागदांत चौक्या आणि मेटे यांचे उल्लेख सापडतात; परंतु खिंडीला काय म्हणत, कोणत्या पाणवठ्याला वैशाखात पाणी राही, कोणत्या वळणावर ओझे टेकवायचा दगड होता, हे कोणत्याही दप्तरात नाही. ते विस्थापितांच्या वसाहतींत, सोलापूरच्या माळावर आणि कोकणच्या उतारावर वसविलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणात आहे. गड पाहून आलेल्यांनी, आपापल्या तालुक्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्या शिक्षकांनी आणि संशोधन मंडळांनी त्यांच्यापाशी जाऊन बसावे, नकाशा पुढे ठेवावा आणि विचारून लिहून घ्यावे. या कामासाठी अनुदानाची गरज नाही आणि परवान्याचीही नाही. मात्र ते पुढच्या पिढीवर सोपविता येणार नाही. कोयनेचे पाणी अडले १९६१ मध्ये, आणि त्याआधी त्या हमरस्त्यावरून जाणत्या वयात चाललेली माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत.